तणातून धान्य शोधणारा माणूस

राय म्हटले की मराठी माणसाला फोडणीतली राई आठवते. पण या लेखातली राय मोहरीच्या कुळातली नव्हे. ती गव्हाची आणि जवाची चुलत बहीण. रशिया, पोलंड, जर्मनी, बेलारूस अशा थंड मुलखांत ती पिकते. जमीन हलकी असो, रेताड असो, महिनोन्‌महिने बर्फाखाली दबलेली असो, जिथे गहू मान टाकतो तिथे राय तग धरून राहते. पुरुषभर उंचीची ताटे, निळसर हिरवी पाने, लांब कुसळांची सडपातळ ओंबी आणि करडा, चिंचोळा दाणा असे तिचे रूप. तिच्या पिठाचा आंबवलेला काळा पाव हे कित्येक शतके रशियन कुणब्याचे मुख्य अन्न होते. आपल्याकडे देशावर ज्वारीच्या भाकरीला जे स्थान, तेच तिकडे या काळ्या पावाला.

या गरीब धान्याची जन्मकुंडली ज्याने मांडली, त्याचे नाव निकोलाय इव्हानोविच वाविलॉव. माणसाच्या ताटात आलेले प्रत्येक धान्य मूळचे कुठले, हे शोधण्यासाठी तो पाच खंड फिरला. त्याने जमवलेल्या बियाण्यांचा साठा त्या काळी जगात सर्वांत मोठा होता. आणि हाच माणूस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आपल्याच देशाच्या तुरुंगात, पुरेशा अन्नावाचून खंगून मेला.

वाविलॉवचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ चा, मॉस्कोतला. वडील शेतकरी घरातले. पोरवयात मॉस्कोला आले, दुकानात राबले आणि कापडाच्या धंद्यात नावारूपाला आले. निकोलाय चार वर्षांचा असताना, १८९१-९२ साली, व्होल्गाकाठच्या प्रांतांत भीषण दुष्काळ पडला. ज्या पिढीचे बालपण अशा दुष्काळाच्या गोष्टी ऐकण्यात गेले, तिला भाकरीचा प्रश्न पुस्तकात वाचावा लागला नाही. मुलांनी धंदा सांभाळावा म्हणून वडिलांनी त्यांना वाणिज्य शाळेत घातले. पण दोघांनीही गल्ल्यावर बसायचे नाकारले. धाकटा सेर्गेई पदार्थविज्ञानाकडे वळला आणि थोरला निकोलाय १९०६ मध्ये मॉस्कोच्या कृषी संस्थेत दाखल झाला. तिथे प्रियानिश्निकॉव यांच्यासारखा गुरू त्याला लाभला. या गुरूने शिष्याची साथ शेवटपर्यंत सोडली नाही, हे पुढे दिसेलच.

१९१३ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि विल्यम बेटसन यांच्या हाताखाली काम करू लागला. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांचा युरोपात हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांत बेटसन अग्रभागी होते. पिकाला रोग का लागतो आणि एखादी जात रोगाला दाद का देत नाही, याचे उत्तर बीजात आहे, ही खूणगाठ वाविलॉवने तिथे बांधली. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि तो परतला. लहानपणी डोळ्याला इजा झालेली असल्याने सैन्यभरतीतून तो सुटला. पण युद्धानेच त्याला त्याच्या विषयापर्यंत नेऊन पोहोचवले.

१९१६ मध्ये उत्तर इराणात असलेल्या रशियन फौजेतले सैनिक पाव खाऊन झिंगू लागले, भोवळ येऊन पडू लागले. चौकशीसाठी तरुण वाविलॉवला धाडण्यात आले. त्याने पिठाचे मूळ गाठले, शेते पाहिली. तिथल्या गव्हात एका विषारी गवताचे दाणे मिसळलेले होते. गव्हातच वाढणारे, गव्हाबरोबरच कापले जाणारे ते तण होते. सोपवलेले काम संपले, पण त्याचे पाय मागे वळेनात. तिथून तो पामीरच्या पहाडांकडे निघाला. नेहमीच्या वाटा त्या साली बंडाळीमुळे बंद होत्या, म्हणून हिमनदीवरची अवघड वाट त्याने धरली.

या प्रवासात त्याला राय भेटली, आणि तीही पीक म्हणून नव्हे. खालच्या खोऱ्यातल्या गव्हाच्या शेतात ती तण म्हणून उभी होती. शेतकरी तिला शिव्या देत होते. वाविलॉव चढत गेला तसतसे एक गोष्ट त्याच्या ध्यानात येऊ लागली. उंची वाढे, थंडी वाढे, तसे शेतातल्या गव्हाचे प्रमाण कमी होई आणि रायीचे वाढे. आणखी वर गेले की गहू जवळजवळ दिसेनासा होई. पेरलेला असे गहू आणि कापणीला येई राय. सगळ्यात वरच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी मग ही तक्रार सोडून दिली होती. ते रायच पेरीत होते आणि रायच खात होते. एका डोंगराच्या चढणीवर हजारो वर्षांचा इतिहास पायऱ्यापायऱ्यांनी मांडून ठेवलेला होता. वाचणारा माणूस तेवढा यायचा होता.

१९१७ मध्ये रायीच्या उगमावरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातला विचार थोडक्यात असा. माणसाने गहू आणि जव मुद्दाम जोपासले. राय त्याने जोपासली नाही, ती गव्हामागून आली. रानटी रायीची ओंबी पिकताच मोडते आणि दाणे जमिनीवर विखुरतात. रानात जगायचे तर हेच सोयीचे. पण गव्हाच्या शेतात ज्या रोपांची ओंबी मोडत नव्हती, ती विळ्याखाली गव्हाबरोबर आली, खळ्यात गेली आणि पुढल्या वर्षी बियाण्यात मिसळून पुन्हा पेरली गेली. चाळणीने बारीक दाणे खाली पाडले, गव्हाएवढे दाणे वर ठेवले. म्हणजे शेतकरी तण काढून टाकण्यासाठी जे जे करीत होता, त्यानेच ते तण पिढ्यान्‌पिढ्या गव्हासारखे होत गेले. मग हे बियाणे उत्तरेकडे आणि डोंगरावर गेले. एखाद्या कडक हिवाळ्यात गहू करपला, राय तेवढी वाचली, आणि उपाशी माणसाने तिचेच पीठ दळले. तणाचे पीक झाले.

या प्रकाराला वाविलॉवने दुय्यम पिके असे नाव दिले. ओटही याच वाटेने आला, असे त्याने दाखवले. शेतातल्या पिकाचे रूप घेणाऱ्या तणांच्या या किमयेला आज शास्त्रात त्याच्याच नावाने ओळखतात. आपल्या कोकणातल्या भातखाचरात निंदणीला बसलेल्या बाईला हे वेगळे सांगायला नको. भाताशी इतके मिळतेजुळते दिसणारे गवत तिथे असते की पोटरीवर येईपर्यंत भल्याभल्यांची नजर फसते. आणखी एक गोष्ट वाविलॉवने टिपली. इराण-अफगाणिस्तानकडे रायीला जौदार, गंदुमदार अशी नावे होती. हा ‘दार’ आपल्या ठाणेदार, जमीनदारातला. जवाला धरून बसलेली, गव्हाला धरून बसलेली, असा त्या नावांचा भाव. धान्याचे नावच मुळी त्याचा पूर्वेतिहास सांगत होते.

१९१७ मध्येच तो व्होल्गाकाठच्या सारातोव्ह शहरी प्राध्यापक म्हणून आला. क्रांती झाली होती, यादवी चालू होती, खाण्याची भ्रांत होती. अशा दिवसांत, जून १९२० मध्ये, तिथे भरलेल्या पीकपैदासकारांच्या परिषदेत त्याने आपला प्रसिद्ध नियम मांडला. एकमेकांच्या नात्यातल्या वनस्पतींमध्ये फरकही समांतर पडतात. गव्हात जे जे प्रकार आढळतात तसेच प्रकार रायीत आणि जवात असणार, आज दिसत नसतील तर शोधले की सापडतील. रसायनशास्त्रात मेंडेलीव्हने मूलद्रव्यांच्या तक्त्यात रिकामी घरे सोडली होती, तसेच हे. सभागृहाने त्याला डोक्यावर घेतले. सारातोव्हचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण हे शहर या चरित्रात पुन्हा येणार आहे.

१९२१ मध्ये तो पेत्रोग्राडला, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडला, तिथल्या उपयोजित वनस्पतिशास्त्र विभागाचा प्रमुख म्हणून गेला. त्याने त्या विभागाची एक प्रचंड संस्था उभी केली. देशभर तिची प्रयोगक्षेत्रे पसरली. आणि सुरू झाली बियाणे जमवण्याची मोहीम. १९२४ मध्ये तो घोडे-खेचरांच्या तांड्यासह अफगाणिस्तानात पाच महिने फिरला. पिकताच दाणे सांडणारी तणरूप राय त्याने तिथल्या गव्हात नोंदवली. रान आणि शेत यांच्यामधला दुवाच तो. पुढे भूमध्य समुद्राकाठचे देश, सीरिया, पॅलेस्टाइन, इथिओपिया, पश्चिम चीन, जपान, कोरिया, मेक्सिको, पेरू असा त्याचा संचार झाला. १९२६ मध्ये त्याने पिकांच्या उगमकेंद्रांचा सिद्धांत मांडला. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाची विविधता सर्वाधिक, तेच त्याचे माहेर, असा त्याचा आडाखा होता. पुढच्या संशोधनाने त्यात दुरुस्त्या केल्या, पण त्याने दाखवलेली दिशा टिकली. भात, ऊस, आंबा, वांगे यांच्या संदर्भात भारताला त्याने त्या नकाशात मानाचे स्थान दिले. पण त्या भारतात त्याला कधी पाऊल टाकता आले नाही. काफिरीस्तानच्या खिंडींपर्यंत येऊन तो परतला.

१९४० पर्यंत लेनिनग्राडच्या सेंट आयझॅक चौकातल्या त्या इमारतीत सुमारे अडीच लाख नमुने गोळा झाले होते. आयुष्य बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला या साठ्याची कल्पना लगेच येते. ही ठेव होती. मालक अवघी मानवजात, मुदत अनिश्चित, आणि व्याज मिळाले तर पुढच्या पिढ्यांना. उद्या गव्हावर कुठला तांबेरा येईल, कुठल्या साली पाऊस दगा देईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. त्या दिवशी उपयोगी पडेल असा एखादा गुण कुठल्या तरी आडगावच्या मूठभर दाण्यांत असेल. ते गाव ते वाण पेरायचे सोडण्याआधी ती मूठ उचलून ठेवली पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब होता.

पण ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांचा हिशेब वेगळा होता. १९२९ नंतर सक्तीच्या सामुदायिक शेतीने रशियन खेडे मोडून पडले. १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. सरकारला पीक हवे होते आणि ते लगेच हवे होते. नवे वाण काढायला दहा-बारा वर्षे लागतात, असे वाविलॉव आणि त्याचे सहकारी सांगत. ऑगस्ट १९३१ मध्ये फर्मान निघाले की हे काम चार-पाच वर्षांत झाले पाहिजे. बँकेत मार्चअखेर जवळ आली की वरून लक्ष्यांक येतात, आणि ते जमणार नाहीत हे ठाऊक असलेला प्रत्येक जण मान डोलावतो. ज्यांनी हे दृश्य पाहिले आहे त्यांना लेनिनग्राडमधल्या त्या खोल्यांतली शांतता समजेल. फरक इतकाच की आपल्याकडे फार तर बदली होते.

हे लक्ष्यांक छातीठोकपणे स्वीकारणारा माणूस मिळाला, तो त्रोफिम लिसेन्को. युक्रेनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, जिद्दी, बोलण्यात तरबेज. बी ओलावून थंडीत ठेवले की पिकाच्या सवयी बदलतात, या जुन्याच निरीक्षणाला त्याने चमत्काराचे रूप दिले. चार नाही, अडीच वर्षांत नवे वाण देतो म्हणाला. मेंडेलचे नियम, गुणसूत्रे हे सारे त्याच्या लेखी भांडवलशाहीचे थोतांड होते. यातली खेदाची बाब अशी की सुरुवातीला वाविलॉवनेच या होतकरू तरुणाला पुढे आणले होते. कामात काही तथ्य असेल तर त्याला वाव मिळावा, हा त्याचा स्वभाव. तो त्याच्या अंगाशी आला. १९३५ मध्ये क्रेमलिनच्या सभेत स्टालिनने लिसेन्कोला सर्वांदेखत शाबासकी दिली आणि वारे कुठल्या दिशेने वाहते आहे ते देशाला कळले. त्याच साली कृषिविज्ञान अकादमीचे अध्यक्षपद वाविलॉवकडून गेले. १९३८ मध्ये ते लिसेन्कोकडे आले.

या काळात वाविलॉवला गप्प बसणे शक्य होते. अनेकांनी मते बदलली, काहींनी विषय बदलला. तो आधी तडजोडीने बोलून पाहत होता. पण सहकारी एकामागून एक नाहीसे होऊ लागले तसा तो अधिकाधिक स्पष्ट बोलू लागला. १९३९ मध्ये एडिंबरोला भरलेल्या जागतिक आनुवंशिकी परिषदेचा तो निर्वाचित अध्यक्ष होता. त्याला जाऊ दिले गेले नाही. अध्यक्षाच्या खुर्चीत तो नव्हता, यावरून जगाने काय समजायचे ते समजून घेतले.

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये कार्पेथियन पहाडांच्या पायथ्याशी तो नमुने गोळा करीत होता. दिवसभराची भटकंती संपवून मुक्कामी परतल्यावर एका काळ्या मोटारीतून आलेली माणसे मॉस्कोहून तातडीचे बोलावणे असल्याचे सांगून त्याला घेऊन गेली. सहकाऱ्यांनी त्याची पिशवी आवरायला घेतली तेव्हा तीत एका पुरातन जातीच्या गव्हाच्या ओंब्या निघाल्या. त्या दिवसाची ती कमाई होती.

पुढच्या अकरा महिन्यांत सुमारे चारशे वेळा, मिळून सतराशे तासांच्या आसपास, त्याची उलटतपासणी झाली. आरोप होते इंग्लंडसाठी हेरगिरीचे, कटाचे आणि सोव्हिएत शेतीच्या घातपाताचे. ९ जुलै १९४१ रोजी खटला उभा राहिला आणि काही मिनिटांत आटोपला. मृत्युदंड. हिटलरच्या फौजा मॉस्कोच्या दिशेने सरकत होत्या. ऑक्टोबरमध्ये कैद्यांना दूर हलवण्यात आले. वाविलॉवला नेले ते सारातोव्हला. एकवीस वर्षांपूर्वी ज्या गावाने त्याचा जयजयकार केला, त्याच गावच्या तळघरातल्या बिनखिडकीच्या कोठडीत. फाशीची वाट पाहणारे सोबती होते. त्यांना तो पिकांवर, आनुवंशिकतेवर व्याख्याने देत असे. त्याआधी मॉस्कोच्या तुरुंगात त्याने जगातल्या शेतीच्या इतिहासावर एक ग्रंथ लिहिला होता. तो नष्ट करण्यात आला.

ऐंशीकडे झुकलेल्या प्रियानिश्निकॉवने शिष्यासाठी सत्ताधाऱ्यांचे उंबरठे झिजवले. त्या दिवसांत असे करणे म्हणजे आपली मान पुढे करणे. १९४२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने वाविलॉवला परदेशी सदस्य म्हणून निवडले. त्याच वर्षी मृत्युदंड बदलून वीस वर्षांची शिक्षा झाली. पण शरीर संपले होते. २६ जानेवारी १९४३ रोजी तुरुंगाच्या इस्पितळात त्याचा अंत झाला आणि देह सामायिक दफनात गेला. त्याची पत्नी येलेना बारुलिना स्वतः मसुराची तज्ज्ञ. युद्धामुळे तीही धाकट्या मुलाला घेऊन सारातोव्हलाच आश्रयाला आली होती. नवरा याच शहरात आहे याचा तिला पत्ता नव्हता. ती पोटाला चिमटा घेऊन त्याच्या नावाने मॉस्कोला पार्सले पाठवीत राहिली.

तिकडे लेनिनग्राडला वेढा पडला होता. ८ सप्टेंबर १९४१ पासून ८७२ दिवस. २० नोव्हेंबरपासून बिनकामगार माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळू लागला, आणि तोही रायीच्या पिठात लाकडाचा लगदा वगैरे भेसळ करून केलेला. सेंट आयझॅक चौकातल्या इमारतीत मात्र टनावारी धान्य होते. खिडक्या फुटलेल्या, आत गोठवणारी थंडी, उंदरांची धाड. वाविलॉवचे सहकारी त्या साठ्यावर पहारा देत होते. त्या हिवाळ्यात त्यांच्यातले अनेक उपासमारीने गेले. भाताच्या संग्रहाचे दिमित्री इव्हानॉव गेले, भुईमुगाचे अलेक्झांडर श्चुकिन गेले, ओटच्या लिदिया रोदिना गेल्या. मागे भाताच्या थैल्या शाबूत होत्या. प्रमुख बेपत्ता होता, त्याचे नाव घेणे धोक्याचे होते, जाब विचारायला कोणी येणार नव्हते. तरीही एक दाणा तोंडात गेला नाही. साहेब समोर असताना शिस्त पाळणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. साहेब तुरुंगात असताना ती पाळणारी माणसे ज्याने घडवली, त्याच्याविषयी आणखी वेगळे काय सांगायचे?

१९४५ मध्ये धाकटा भाऊ सेर्गेई सोव्हिएत विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. ज्या राजवटीने भावाला मारले तिचाच हा मान. तो त्याने कसा पेलला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९५१ मध्ये तोही गेला. २० ऑगस्ट १९५५ रोजी निकोलायवरचे सारे आरोप रद्द झाले. लिसेन्कोची सद्दी १९६५ मध्ये संपली. तो १९७६ मध्ये वारला. त्याने कबूल केलेले चमत्कार कुठल्याच शेतात उगवले नाहीत. लेनिनग्राडच्या संस्थेला आज वाविलॉवचे नाव आहे आणि तिच्याकडे तीन लाखांहून अधिक नमुने आहेत. पूर्वेकडच्या एका रानटी रायीच्या शास्त्रीय नावातही तो आहे.

आणि राय? ती आपल्याकडे पिकत नाही, असे म्हणून हा विषय संपत नाही. विसाव्या शतकात जर्मनीतल्या पेटकुस रायीच्या एका गुणसूत्राचा तुकडा संकरातून गव्हात आला. त्यात तांबेऱ्याला तोंड देणारी जनुके होती. कावकाझ या सोव्हिएत गव्हातून तो मेक्सिकोतल्या वाणांत गेला आणि तिथून जगभर पसरला. १९९५ मध्ये प्रसारित झालेला पीबीडब्ल्यू ३४३ हा पंजाबचा गहू पुढे कित्येक वर्षे उत्तर भारतात लाखो एकरांवर डोलत होता. त्यातही रायीचा हा तुकडा होता. त्या काळात पंजाबच्या गव्हाची पोळी ज्याच्या ताटात पडली, त्याने नकळत थोडी राय खाल्ली आहे. १९९८ मध्ये युगांडात तांबेऱ्याचा नवा प्रकार सापडला. त्याने यातल्या एका जनुकाचे कवच भेदले. शास्त्रज्ञ नव्या जनुकाच्या शोधात पुन्हा रानटी गवतांकडे आणि बियाण्यांच्या जुन्या साठ्यांकडे वळले. त्याने ठेवलेली ठेव मुदतीआधी कोणी मोडली नाही, म्हणून हे शक्य झाले.

पामीरच्या वरच्या गावांतल्या शेतकऱ्याने एके वर्षी उपटून फेकायचे तण फेकले नाही, त्याचे पीठ दळले. कुठले रोप निरुपयोगी आणि कुठला माणूस घातकी, हे आपल्या आजच्या गरजेवरून ठरवायची घाई सगळ्याच राज्यकर्त्यांना असते. त्या डोंगरातल्या अडाणी कुणब्याला जे कळले, ते क्रेमलिनला कळले नाही.